बारीचा डबा

समोरच्या खोलीत हातोडी वाजायला लागली आणि सुचिताच्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या आधीच फाटली.

शेषराव फळ्या ठोकत होते. कोजागिरीच्या आदल्या दिवशी दरवर्षी ठोकत, तशाच. दाराच्या चौकटीला खालून कमरेपर्यंत पाच आडव्या फळ्या मारल्या की त्या खोलीचा हौद व्हायचा. मग पहिल्या वेचणीपासून ते भाव मनासारखा येईपर्यंत घरचा सगळा कापूस त्या हौदात पडून राहायचा. सुचिता लग्न होऊन आली त्या वर्षी तो होळीपर्यंत राहिला होता. यंदा त्या खोलीवर तिचा डोळा होता. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच हातोडी जरा जास्तच जोरात वाजत होती.

"बाबा संध्याकाळपर्यंत थांबतो म्हणाले होते," ती म्हणाली.

"थांबलेच हायेत," कोकिळाबाईंनी चुलीपुढून मान न वळवता सांगितलं. "दोनच फळ्या ठोकल्या. तीन बाकी हायेत. तुह्या सासऱ्याचं थांबनं असंच असते."

सासू आपल्या बाजूने आहे की नाही, हे सात वर्षांत सुचिताला कळलेलं नव्हतं. गेल्या वैशाखात पुतणीच्या लग्नात निशीला मागच्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावणारी हीच बाई. आणि त्याच रात्री, "माह्या नातीले कोन येडी म्हनलं ते सांग," असं विचारत मांडवभर फिरणारीही हीच.

निशी म्हणजे निशिगंधा. सहा वर्षांची. या क्षणी ती ओसरीवर बसून स्टीलच्या डब्याचं झाकण फरशीवर फिरवत होती. झाकण गरगरलं, डगमगलं, पडलं. तिने ते पुन्हा फिरवलं. सुचिताने दारातून एकदा डोकावून पाहिलं. अर्ध्या तासातलं हे पाचवं डोकावणं होतं.

आज चार वाजता ती सगळी येणार होती. खामगावच्या धम्मशीला मॅडम, चार मुलं आणि त्यांच्या आया. मंगळवारी आणि गुरुवारी मॅडमच्या भाड्याच्या खोलीत स्वमग्न मुलांचा गट भरत असे, निशीला धरून पाच जणांचा. दिवाळीनंतर त्या खोलीत मोबाइलचं दुकान येणार होतं. मुलांना जागा नव्हती. सुचिताचं घर खामगावपासून नऊ किलोमीटरवर, एसटी दारातच थांबायची, आणि समोरच्या खोलीला रस्त्याकडून वेगळं दार होतं. तिने एका मंगळवारी मॅडमना विचारलंही नव्हतं, सांगूनच टाकलं होतं, "आमच्याकडे आहे जागा." मग घरी येताना बसमध्ये तिला आठवलं होतं, घरी विचारायचंच राहिलंय.

शेषरावांनी आठ दिवस घेतले आणि म्हणाले, "एक डाव त्या पोरायले इकडं आन. पाह्यल्याबिगर म्या बैलबी घेतला नाई कधी."

म्हणून आजचा दिवस. महिनाभर देव्हाऱ्याच्या कोनाड्यात बसलेल्या भुलाबाईच्या गाण्यांचा हा शेवटून दुसरा दिवस होता. युक्ती मॅडमची. "मूर्तीचं काय ते तुमचं तुमी करा," त्या म्हणाल्या होत्या. "मले खाऊचा खेळ पाहिजे. लहानपनी मी शेजारच्या घरी भुलाबाईले जायची ती फक्त त्याच्यासाठी. बंद डबा हलवायचा अन् आत काय हाये ते ओळखायचं. आपल्या लेकरायसाठी याच्यापेक्षा चांगला खेळ कोन काढनार?"

सुचिताने मोबाइलमध्ये चौदा मुद्दे लिहून ठेवले होते. बी.एस्सी.ला असताना परीक्षेआधी काढायची तसेच. पंधरा दिवसांत त्यातला एकही पुरता बोलून झाला नव्हता. या घरात बोलणं म्हणजे बाजाराच्या दिवशी एसटीत शिरणं. ज्याचा खांदा दांडगा, तो आत.

*

आणि सगळ्यांत दांडगा खांदा कालच रोहिणखेडहून आला होता.

कलाबाई, शेषरावांची धाकटी बहीण, दोन पिशव्या घेऊन उतरल्या. त्यातली एक त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही, उचलून थेट खाटेखाली सरकवली. आज दुपारी जेवायला बसल्यावर त्यांनी भाकरीचा पहिला घास मोडला आणि विषयही.

"तं आज ते सारे इथं येनार."

"पाच लेकरं, आत्याबाई. निशीला धरून."

"अन् काय करतेत एवढे गोया होऊन?"

"खेळतात."

"खेयाले मॅडम लागते?" कलाबाईंनी भावाकडे पाहिलं. "आपन तं चिंचेखाली खेयलो बावा. कोनी मॅडम नाई, काई नाई."

"त्याचं असं आहे," सुचिताने पहिला मुद्दा काढला, "समोरचा बोलत असला की थांबायचं, आपल्याजवळची वस्तू दुसऱ्याला द्यायची, हे बाकीच्या मुलांना आपोआप येतं. निशीसारख्या मुलांना ते—"

"ज्ञाना, तुहं काय म्हननं हाये?" कलाबाई मधेच सुचिताच्या नवऱ्याकडे वळल्या.

ज्ञानेश्वरने ताटातल्या वरणात बोट फिरवलं. "बाबा म्हनतीन तसं."

हे उत्तर सुचिताला पाठ होतं. लग्नानंतर मोटारसायकलचा रंगही याच उत्तराने ठरला होता.

"दादा," कलाबाईंचा आवाज खाली आला. या बाईने आवाज खाली आणला की जास्त भीती वाटायची. "माह्या पोरीचं मलकापूरच्या पाहुण्यायसंग बोलनं चालू हाये. ते लोक खोदून खोदून इचारतेत. मामाच्या घरी असे लेकरं जमतेत हे त्यायले समजलं, तं म्हनतीन, रक्तातच असन."

"रक्त म्हनान तं ते तुमचंच," कोकिळाबाई शांतपणे म्हणाल्या आणि नणंदेच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. "मी बाहेरून आली. सुचिताबी बाहेरून आली."

ज्ञानेश्वरला ठसका लागला. शेषराव फक्त, "कला, जेव," एवढंच म्हणाले. पण जेवण झाल्यावर त्यांनी तिसरी फळी ठोकली.

दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा सुचिता टिपऱ्यांना कापड बांधत बसली. गटात पहिल्यांदा टिपऱ्या आणल्या तेव्हा त्यांच्या खटखटीने निशी टेबलाखाली जाऊन बसली होती. मग मॅडमनी टोकांना जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या. आता दोन टिपऱ्या भिडल्या की कोणी उशीवर चापट मारावी तसा आवाज येई, आणि त्या आवाजावर निशी चालून येई.

स्वयंपाकघरातून वेगळाच आवाज आला. खुळखुळ. मग कुजबूज.

"काय हाये यात?"

"फुटाणे."

"शाबास माही माय. हे घे."

सुचिता दाराआड उभी राहिली. कोकिळाबाई पाटावर बसल्या होत्या. त्यांच्या एका हातात खाऊचा डबा, दुसऱ्यात गुळाचा खडा. समोर निशी. डबा हलला. "फुटाणे." गूळ. डबा हलला. "फुटाणे." गूळ. चार दिवसांपासून गुळाच्या डब्याचा तळ का दिसू लागलाय, ते सुचिताला आत्ता कळलं.

तिने आत जाऊन थांबवायला हवं होतं. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, उत्तर बरोबर यावं म्हणून हा खेळ नाही. पण डोळ्यांपुढे गेल्या वर्षीची भुलाबाई आली. गल्लीतल्या एका मुलीच्या हातातला डबा हिसकून निशी गच्चीवर पळाली होती, आणि डबा वरून अंगणात येऊन आदळला होता. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली एकही मुलगी गाण्यांना आली नाही. सुचिता चार घरी माफी मागून आली होती. तशी माफी ती बसमध्ये मागायची, देवळात मागायची, दवाखान्याच्या रांगेत मागायची. तिला वाटलं, आज एकदा, फक्त कलाबाईंच्या देखत, पोरीचं उत्तर बरोबर आलं तर काय बिघडतंय?

ती आल्या पावली परत गेली आणि टिपरीला गाठ मारली.

*

चार वाजून दहा मिनिटांनी एसटी थांबली आणि घर बदलून गेलं.

सगळ्यांत आधी धम्मरत्न उतरला. नऊ वर्षांचा, काडीसारखा, आणि जमिनीला टाचा न टेकवता चालणारा. मग गणेश, ज्याने दारातच शेषरावांना विचारलं, "तुमच्या घरी किती खिडक्या हायेत?" शेषरावांनी आयुष्यात कधी मोजल्या नव्हत्या. ते मोजायला लागले. मग दोघी जुळ्या बहिणी, एकीने दुसरीची वेणी घट्ट धरलेली. शेवटी धम्मशीला मॅडम, खांद्यावर झोळी, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर अशी खुशी की परीक्षा त्यांची नव्हेच.

"अकरा," शेषराव आतून येऊन म्हणाले. "न्हानीची धरून बारा."

"बारा," गणेशने मान्य केलं आणि खाली बसला.

कोकिळाबाईंनी मॅडमना पाहुण्यांच्या कपात चहा दिला. कलाबाईंनी ते पाहिलं. सुचिताने कलाबाईंना पाहताना पाहिलं. पण मग टिपऱ्या सुरू झाल्या आणि कोणाचंच कोणाकडे लक्ष राहिलं नाही.

खेळ साधाच होता. समोरासमोर दोन ओळी, एक टिपरी आपली आपल्याला, एक समोरच्याच्या टिपरीला. पण समोरच्याची टिपरी गाठायची तर समोर पाहावं लागतं, आणि त्याची टिपरी वर येईपर्यंत थांबावं लागतं. धम्मरत्न आधी पुढे पळायचा. आता ओठ दाबून थांबत होता, टाचा थरथरत होत्या, पण थांबत होता. धप, धप. गाणं आया म्हणत होत्या. निशीसमोर जुळ्यांतली एक होती. निशीचं लक्ष टिपरीवर, टिपरीवरून हातावर, आणि एकदा त्या मुलीच्या तोंडावर. दोघींच्या टिपऱ्या भिडल्या. धप. निशी हसली. मोठ्याने नाही. खालचा ओठ आत ओढून, तिचं तिचं.

"पाह्यलं का?" ज्ञानेश्वर सुचिताच्या कानाशी म्हणाला. त्याचा आवाज असा झाला होता की तिने वळून पाहिलं. आजवर तो कधी खामगावला गटात आला नव्हता. नेहमी फवारणी निघायची.

"हे तर काहीच नाही," ती म्हणाली. तिचे गाल तापले होते. "डबा येऊ द्या."

मॅडमनी सगळ्यांना गोल बसवलं. मोठी माणसं भिंतीला टेकून बाहेर बसली. "आपला नियम काय हाये?" मॅडमनी विचारलं.

"ज्याच्या हातात डबा, त्याचीच बारी," धम्मरत्नने घाईने सांगितलं. "हलवायचा. एकच गोठ सांगायची. मंग नाव घेऊन पुढं द्यायचा."

"अन् बाकीच्यायनं?"

"चूप बसायचं." हे गणेश म्हणाला आणि त्याने भिंतीकडच्या मंडळींकडे पाहिलं.

निशीला हलवणं आवडायचं. सांगणंही जमू लागलं होतं. अडायचं ते पुढे. अकरा आठवड्यांत एकदाही तिने डबा आपण होऊन कोणाला दिला नव्हता. मॅडमना तिचं एकेक बोट सोडवावं लागे. आज उत्तर चुकलं तरी चालेल, पण डबा हातून सुटावा, एवढंच सुचिताला हवं होतं. निदान आज दुपारपर्यंत एवढंच हवं होतं.

डबा आणायला कलाबाई उठल्या. खाटेखालून. "माहेरवाशीन आली की खाऊ तिचा असते," त्या म्हणाल्या. "वहिनीनं भरलेलं काढून ठेवलं मी. आता ओयखा म्हना."

कोकिळाबाईंच्या हातातला पदर गळून मांडीवर आला.

त्यांनी सुनेकडे पाहिलं. सुनेने सासूकडे पाहिलं. त्या एका नजरेत दोघींना कळलं की फुटाण्यांचं दोघींनाही माहीत आहे. पण डबा तोवर गोलात गेला होता.

गणेशने हलवला. आत काहीतरी मऊ, जड, भदकन या कडेवरून त्या कडेवर गेलं. "शेव," तो म्हणाला.

"चूक," कलाबाई म्हणाल्या. त्यांना मजा येऊ लागली होती.

"धम्मरत्न, घे." "पेढे." "चूक." "लाडू." "चूक." लाडू हा जुळ्यांनी मिळून केलेला एकच अंदाज. मग दुसरी म्हणाली, "निशी, घे."

निशीने डबा घेतला. हलवला नाही. सरळ आजीकडे पाहिलं आणि घरभर ऐकू जाईल असं खणखणीत म्हणाली, "फुटाणे."

"चूक," कलाबाई म्हणाल्या.

"फुटाणे."

"चूक व, बाई."

"फुटाणे," निशी म्हणाली आणि आजीपुढे हात पसरला. "गूळ."

 मग कलाबाई भिंतीपासून पुढे सरकल्या.

"म्हन्जे शिकवून ठेवलं होय. राघूले शिकवावं तसं. दादा, पाह्यलं? हेच शिकवतेत का दोन-दोन तास?"

"मॅडमचा काई संबंध नाई त्यात," कोकिळाबाई म्हणाल्या.

"मंग कोनाचा हाये?"

"अन् तुमाले डबा बदलायले कोनं सांगतलं होतं? आल्या दिवसापासून—"

"मी माहेरी आली, का चोरी कराले आली?"

"आत्या, राहू दे ना," ज्ञानेश्वर म्हणाला.

"तू बोलू नको. तोंड उघडलं तं बाबा म्हनतीन तसं, बाबा म्हनतीन तसं."

"आत्याबाई, माझं ऐका, हे उत्तराचं नाहीच—" सुचिता उठली.

"तुहंच तं ऐकून राह्यलो सहा वर्षं."

"अरे, पाहुणे बसले हायेत," शेषराव गरजले, आणि त्यामुळे गोंधळ वाढलाच. जुळ्यांनी एकमेकींच्या कानांवर हात ठेवले. गणेश खिडक्या मोजू लागला. तिन्ही आया आपापल्या पिशव्या चाचपू लागल्या. असल्या घरांतून लवकर निघायची त्यांना सवय होती.

शेषराव उठले. हातोडी चौकटीशीच ठेवलेली होती. ती त्यांनी उचलली. "झालं," ते म्हणाले. "पाहून झालं माहं."

"बाबा, माझं एक—"

"पाहून झालं, म्हनलं ना."

सुचिताच्या हातात मोबाइल होता आणि मोबाइलात चौदा मुद्दे.  तिची नजर निशीवर गेली. निशी उभी राहिली होती. डबा छातीशी घट्ट, झाकणाला कान लावलेला, आणि ती ऊं ऊं असा सूर धरून डुलत होती. हा सूर सुचिता ओळखत होती. त्यानंतर वस्तू उडते. गच्चीवरून उडाली तशी. ती पुढे झेपावली, तेवढ्यात धम्मशीला मॅडमनी तिचं मनगट धरलं.

"थांबा. तिची बारी चालू हाये."

"मॅडम, ती फेकेल."

"फेकू द्या. तिची बारी हाये."

निशी चालू लागली. गोलाच्या बाहेर. आजीजवळून गेली, बापाजवळून गेली आणि ज्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता, त्यांच्यापुढे थांबली. कलाबाई वाक्याच्या मध्यावर होत्या.

"आत्याआजी," निशी म्हणाली. आजवर तिने त्यांना कधीच हाक मारली नव्हती. "बारी."

आणि डबा त्यांच्या हातांत ठेवला. बोटं सोडली. सगळी दहा बोटं, आपली आपण.

सुचिताच्या तोंडून आवाज निघाला. तो शब्द नव्हता. मॅडमचा हात अजून तिच्या मनगटावर होता.

कलाबाईंना काय करावं कळेना. त्या डबा धरून उभ्या होत्या.

"एकच गोठ सांगा," धम्मरत्न गोलातून म्हणाला. "मंग पुढं द्या."

"आधी हलवा," गणेश म्हणाला.

निशी वाट पाहत होती. कलाबाईंच्या तोंडाकडे नाही, डब्याकडे पाहत. रोहिणखेडात ज्या बाईपुढे पाटीलही चप्पल काढून बोलायचे म्हणत, तिने डबा हलवला. भद. भद.

"मले," कलाबाई म्हणाल्या आणि थांबल्या.  "मले भेव वाटते. पोरीचं दोनदा मोडलं. तिसऱ्यांदा मोडलं तं तिले काय सांगू?"

दोनदा मोडलं होतं हे कोणालाच माहीत नव्हतं. शेषरावांनासुद्धा.

"नाव घेऊन," धम्मरत्नने हळूच आठवण केली.

"वहिनी," कलाबाई म्हणाल्या. "घे."

कोकिळाबाईंनी डबा घेतला आणि नीट, देवाची घंटी हलवावी तसा हलवला. "मीच शिकवलं तिले. पोरीले लाज वाटू नये म्हनून." मग मान हलवली. "नाई. तिले कायची लाज? मले वाटू नये म्हनून. ज्ञाना, धर."

ज्ञानेश्वरने डबा पुष्कळ वेळ हलवला. सुचिताला वाटलं, आता ते वाक्य येणार. तो बापाकडे पाहत होताच.

"कापूस आमच्या खोलीत टाका," तो म्हणाला. "आमी ओसरीवर झोपू." आणि कोणी काही म्हणायच्या आत त्याने घाईने नाव घेतलं. "निशी."

निशीने डबा घेतला, गिरकी घेतली आणि आईसमोर आली.

"मम्मी. तुही बारी."

सात वर्षांत या घरात पहिल्यांदा सगळे सुचिताच्या बोलण्याची वाट पाहत होते. तिने मोबाइल उलटा करून जमिनीवर ठेवला. डबा हलवला. एकच सांगायचं होतं. चौदांपैकी कुठलं? तिने मुलीकडे पाहिलं आणि जे त्या यादीत नव्हतंच, ते म्हणाली.

"मला आठवड्यातून दोन दिवस, दोन-दोन तास, एक अशी जागा पाहिजे, जिथं मला कोणाची माफी मागावी लागणार नाही."

गोलामागे बसलेल्या आयांपैकी एकीने पिशवी परत खाली ठेवली.

"बाबा," सुचिता म्हणाली आणि डबा पुढे केला.

शेषरावांच्या एका हातात हातोडी होती. त्यांनी ती खाली ठेवून दोन्ही हातांनी डबा घेतला. "एकच सांगायचं ना?" त्यांनी नातीला विचारलं. "खोलीचं सांगू का खाऊचं?"

निशीने विचारच केला नाही. "खाऊ."

शेषरावांनी डबा हलवला, मग झाकणाच्या फटीला नाक लावलं. त्यांच्या मिश्या हलल्या. "सीताफयं," ते म्हणाले. "रोहिणखेडच्या बरडावरचे. हिच्या लग्नाच्या वर्षी ते झाडं म्याच लावून देल्ते."

"बरोबर," कलाबाई म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसायला वळल्या.

झाकण उघडलं. पिकलेल्या सीताफळांचा वास ओसरीभर पसरला. मुलं चिवचिवली, धम्मरत्नने जागच्या जागी तीन उड्या मारल्या, ज्ञानेश्वरने हसत हसत डोळे पुसले आणि फवारणीचं औषध डोळ्यांत गेलं म्हणाला. कोकिळाबाईंनी ताट आणलं. एकेक सीताफळ फुटून हातोहात गेलं.

"बरं, आता खोलीचं म्हनलं तं," शेषरावांनी सुरुवात केली.

"एकच," धम्मरत्न तोंडातल्या बिया सांभाळत म्हणाला.

"अरे, पन मी—"

"बारी झाली," निशी म्हणाली. "पुढे दे."

शेषरावांचं तोंड उघडं राहिलं. मग मिटलं. त्यांनी रिकामा डबा उचलला, मॅडमकडे वळले, जरासे वाकले. "धम्मशीलाबाई, घ्या." एवढं बोलून ते उठले आणि हातोडी घेऊन समोरच्या खोलीकडे गेले.

 दोन फळ्या बाकी होत्या.

पण आवाज ठोक्याचा आला नाही. करकर आला. हातोडीचं मागचं टोक फळीखाली घालून ते वरची फळी उचकटत होते. खिळा ओरडला तशी निशीने कानांवर हात घेतले. शेषरावांनी ते पाहिलं आणि थांबले. खांद्यावरचा दुपट्टा काढला, खिळ्याभोवती गुंडाळला आणि मग हळूहळू ओढलं. फळी निघाली. मग दुसरी. तिसरी. तिन्ही फळ्या त्यांनी बाहेर आणून भिंतीशी रचल्या. खोलीचं दार खालपर्यंत मोकळं झालं. आतली फरशी दिसली, झाडलेली, रिकामी.

"दादा, म्हन्जे हो म्हनतं का?" कलाबाईंनी विचारलं.

शेषरावांनी बहिणीकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. गोलात गणेश आणि जुळ्यांच्या मध्ये थोडी जागा होती. ते गुडघे धरत तिथे बसले. डबा अजून मॅडमच्या हातात होता, पुढे धम्मरत्न, मग जुळ्या.

शेषरावांनी मांडी घातली आणि आपल्या बारीची वाट पाहू लागले.